परदेशी व्यापारी आणि दुष्काळाचा मका

मंडळींतील अभ्यासवर्गासाठीं धडा

वाचावयाचे उतारे : उत्पत्ति ४१:४६-५७ व ४७:१३-२६, प्रेषितांचीं कृत्यें ११:२७-३०, करिंथकरांस दुसरें पत्र ८:१६-२१, मत्तय २५:३१-४०.

ह्या धड्याचा विषय एक व्यापारी आहे. तो उपदेशक नव्हता, मिशनरी नव्हता, मोठ्या पाठशाळेंत शिकलेलाही नव्हता. जन्मानें तो जर्मन, वस्तीनें अमेरिकन व धंद्यानें छापखानेवाला होता. तथापि इ. स. १९०० सालीं त्याच्या खटपटीनें मक्यानें भरलेलें एक जहाज न्यूयॉर्क येथून निघून मुंबईच्या बंदरास लागलें आणि तें धान्य मुंबई इलाख्यांतील भुकेल्यांच्या मुखीं पडलें. ह्या गृहस्थाचें नांव लुई क्लॉप्श. आपल्या पुष्कळ मंडळ्यांत त्या दुष्काळांत वांचलेल्या मुलांचे वंशज आहेत. म्हणून हें चरित्र दूर देशाचें असलें तरी त्याचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत आलेला आहे.

ह्या धड्यांत आपणांस दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. देणाऱ्यानें घेणाऱ्याची मान खालीं न घालवितां कसें द्यावें, हा पहिला. आणि घेणाऱ्यानें उपकार न विसरतां, पण कोणाचा दास न होतां, कसें घ्यावें, हा दुसरा.

१. परदेशांत आलेला मुलगा

लुई क्लॉप्श यांचा जन्म २६ मार्च १८५२ रोजीं जर्मनींतील ल्युबेन ह्या गांवीं झाला. वडील वैद्य होते. आईचें छत्र लहानपणींच हरपलें. १८५४ सालीं वडिलांनीं त्यांस घेऊन अमेरिकेची वाट धरली. त्या काळीं युरोपांतून हजारों कुटुंबें अशींच समुद्र ओलांडून न्यूयॉर्क शहरीं उतरत असत. नवा देश, नवी भाषा आणि ओळखीचें असें कोणी नाहीं, अशी त्यांची स्थिति असे.

लुई यांचें शिक्षण बेताचेंच झालें. लहान वयांतच ते वर्तमानपत्रांच्या व छापखान्यांच्या धंद्यांत शिरले. जाहिरातींचीं पत्रें, हॉटेलांत उतरणाऱ्या प्रवाशांसाठीं पत्र, वर्तमानपत्रांस चित्रें पुरविण्याचा व्यवसाय असे अनेक उद्योग त्यांनीं केले. ब्रुकलिन येथील प्रख्यात उपदेशक डॉ. टॅल्मेज यांचीं प्रवचनें अनेक पत्रांस एकाच वेळीं पुरविण्याची व्यवस्था त्यांनीं केली. ह्यांतून त्यांस एक गोष्ट पक्की समजली, ती ही कीं छापलेला कागद जेथें माणूस जाऊं शकत नाहीं तेथें जातो.

१८९० सालीं 'ख्रिश्चन हेरल्ड' नांवाचें साप्ताहिक त्यांच्या हातीं आलें. डॉ. टॅल्मेज संपादक झाले आणि क्लॉप्श यांनीं व्यवस्था पाहिली. पत्राचा खप झपाट्यानें वाढला. त्याचे वाचक बहुतेक लहान गांवांतील शेतकरी, कारागीर, शाळामास्तर, विधवा बाया व शब्बाथ शाळेंतील मुलें असे साधे लोक होते. पुढें जें मोठें काम झालें, तें मुख्यत्वें ह्याच लोकांच्या लहान लहान देणग्यांवर झालें, हें ध्यानांत ठेवावें.

पवित्र शास्त्रांत प्रभूचे शब्द तांबड्या शाईनें छापलेल्या प्रती कित्येकांनीं पाहिल्या असतील. ती कल्पनाही क्लॉप्श यांचीच. लूक २२:२० हें वचन वाचीत असतां त्यांस ती सुचली. १८९९ सालीं असा नवा करार व १९०१ सालीं संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांनीं प्रसिद्ध केलें.

२. पत्रांतून निघालेलें साहाय्य

१८९१ व १८९२ सालीं रशियांत भयंकर दुष्काळ पडला. क्लॉप्श यांनीं आपल्या पत्रांतून वाचकांस हांक मारली. वाचकांनीं पैसा पाठविला, त्याचें पीठ घेतलें गेलें आणि 'लिओ' नांवाच्या जहाजांतून तें रशियास रवाना झालें. डॉ. टॅल्मेज व क्लॉप्श स्वतः त्या देशीं गेले. येथून ह्या साहाय्यनिधीच्या कामास आरंभ झाला.

त्यानंतर हें काम थांबलें नाहीं. तुर्की अंमलाखालीं आर्मेनियन लोकांची कत्तल झाली तेव्हां मागें राहिलेल्या विधवा व पोरक्या मुलांसाठीं निधि जमला. १८९७ सालीं हिंदुस्थानांत दुष्काळ पडला तेव्हां धान्याचें एक जहाज कलकत्त्यास आलें. १८९८ सालीं क्यूबा बेटांतील उपाशी लोकांसाठीं काम झालें. पुढें फिनलंड, जपान व चीन येथील दुष्काळांत आणि १९०८ सालच्या इटलींतील मेसिना येथील भूकंपांतही हाच निधि धांवून गेला. सुमारें अठरा वर्षांत तीस लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम ह्या एका पत्राच्या द्वारें गोरगरिबांकडे गेली.

दूरच्या देशाकडे पाहतांना त्यांनीं दाराशीं पडलेल्यांस विसरूं नये म्हणून जणूं देवानें त्यांच्यापुढें दुसरेंही काम ठेविलें. न्यूयॉर्कमध्यें बोवरी नांवाचा एक रस्ता आहे. दारूचीं दुकानें व बेघर माणसें ह्यांसाठीं तो त्या काळीं कुप्रसिद्ध होता. तेथें १८७९ पासून एक मिशन चालत असे. १८९५ सालीं तें बंद पडण्याच्या बेतास आलें असतां क्लॉप्श यांनीं तें आपल्या हातीं घेतलें. थंडीच्या दिवसांत मध्यरात्र उलटल्यावर तेथें उपाशी पुरुषांची रांग लागे आणि प्रत्येकास गरम कॉफी व पाव मिळे. तसेंच शहराच्या कोंदट चाळींतील गरीब मुलांस उन्हाळ्यांत कांहीं दिवस मोकळी हवा, दूध व खेळ मिळावे म्हणून हडसन नदीकांठीं न्यायक गांवाजवळ त्यांनीं १८९४ सालीं मुलांचें घर उघडलें. 'ख्रिश्चन हेरल्ड' हें पत्र १९९२ सालीं बंद झालें, परंतु बोवरी मिशन व मुलांचें उन्हाळी घर हीं दोन्ही कामें त्यानंतरही चालूं राहिलीं.

३. छप्पनचा दुष्काळ

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८९९ सालीं पावसानें दगा दिला. त्यापूर्वीं दोनच वर्षांमागें एक दुष्काळ येऊन गेला होता व त्यांतून शेतकरी सांवरला नव्हता. प्लेगाची सांथही चालूं होतीच. गुजराथ, राजपुताना, मध्यप्रांत, वऱ्हाड व मुंबई इलाख्यांतील दख्खन ह्या भागांत विहिरी आटल्या आणि वैरणीवांचून गुरें मेलीं. विक्रम संवत १९५६ चें तें वर्ष असल्यामुळें लोकांनीं त्यास छप्पनचा दुष्काळ असें नांव दिलें.

सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. खडी फोडणें, तलाव खणणें व रस्ते बांधणें ह्या कामांवर आणि अन्नछत्रांत मिळून १९०० सालच्या मध्यास साठ लक्षांच्या आसपास माणसें होतीं. मजुरी अगदीं पोटापुरती, आणि काम कमी भरलें तर तीही कापली जाई. गर्दीच्या छावण्यांत पटकी शिरली. किती माणसें दगावलीं ह्याविषयीं अंदाज निरनिराळे आहेत, परंतु तीं दहा लक्षांहून अधिक होतीं ह्याविषयीं दुमत नाहीं. कित्येक अभ्यासक ह्याच्या अनेकपट आंकडा देतात.

ह्या बातम्या व दुष्काळग्रस्तांचीं छायाचित्रें क्लॉप्श यांच्या पत्रांत छापून आलीं. वाचकांनीं पैसा व धान्य दिलें. अमेरिकन सरकारनें जहाजाचें भाडें भरलें. त्या जहाजाचें नांव 'कीटो'. सुमारें दोन लक्ष बुशेल, म्हणजे जवळजवळ ५,००० टन मका घेऊन तें १९०० च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कहून निघालें व मुंबईस पोहोंचलें. क्लॉप्श यांनीं त्याच वर्षीं हिंदुस्थानांत येऊन दुष्काळी भाग आपल्या डोळ्यांनीं पाहिला.

धान्य व पैसा वांटण्यासाठीं निरनिराळ्या मिशनांच्या प्रतिनिधींची एक समिति नेमली होती. एका पंथाच्या हातीं सर्व कारभार नसावा असा त्यांत हेतु होता. ह्या कामांत अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. रॉबर्ट ह्यूम हे प्रमुख होते. दुष्काळांतील सेवेबद्दल त्यांस १९०१ सालीं कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळालें. क्लॉप्श यांसही पुढें तेंच पदक देण्यांत आलें.

मका वांटून संपला तरी पोरकीं मुलें उरलीं. त्यांच्यासाठीं क्लॉप्श यांनीं दुसरी योजना काढली. अमेरिकेंतील एखाद्या कुटुंबानें किंवा शब्बाथ शाळेनें एकेका मुलाचा खर्च दरसाल पाठवावा, आणि मिशनच्या अनाथाश्रमांत त्या मुलास अन्न, वस्त्र, विद्या व एखादा हातधंदा मिळावा, अशी ती होती. अशा रीतीनें हजारों मुलें वाढलीं. कोणी विणकर झाले, कोणी सुतार, कोणी शिक्षक.

त्याच काळांत आपल्याच भगिनीचें काम केडगांवास चालूं होतें, हेंही विसरूं नये. पंडिता रमाबाई यांनीं १८९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून व १९०० सालीं गुजराथेंतून शेंकडों निराधार मुली व स्त्रिया आणून त्यांस मुक्तिसदनांत आश्रय दिला. तेव्हां परदेशी माणसानें आपणांस वांचविलें एवढेंच म्हणणें अपुरें आहे. परदेशी माणसानें दिलें, आणि देशांतील माणसांनीं आपले हात, घर व आयुष्य त्यांत घातलें.

४. योसेफाच्या कोठारांतून काय शिकावें

परदेशांत आलेल्या माणसानें दुष्काळांत धान्य पुरविलें, ही गोष्ट पवित्र शास्त्रांत पूर्वींच आली आहे. योसेफ मिसर देशांत परका होता. सात वर्षें सुकाळ असतां त्यानें धान्य सांठविलें व दुष्काळांत कोठारें उघडलीं. त्याची दूरदृष्टि आपण वाखाणतों, आणि तें योग्यच आहे. परंतु उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्यायही वाचावा. लोकांनीं प्रथम पैसा दिला, मग गुरें दिलीं, मग जमिनी दिल्या, व शेवटीं ते स्वतः फारोचे दास झाले. प्राण वांचले, पण स्वातंत्र्य गेलें.

दख्खनच्या शेतकऱ्यास हा अध्याय समजावून सांगण्याची गरज नाहीं. सावकाराकडून बीं व दाणे घ्यावे, कागदावर आंगठा उमटवावा आणि चार वर्षांनीं बांधावर उभें राहून आपलें शेत दुसऱ्यानें नांगरलेलें पाहावें, हें आपल्या पूर्वजांनीं भोगलें आहे. दुष्काळांत दिलेला दाणा हा कर्जाचा फांस होऊं शकतो.

क्लॉप्श यांच्या मक्याची थोरवी ह्यांतच आहे. त्याबद्दल कोणाचें शेत घ्यावयाचें नव्हतें. दाता सहस्रावधि कोस दूर होता. ज्या बाईनें आपल्या कोंबड्यांच्या अंड्यांचे पैसे टाकले असतील, तिला तो मका कोणाच्या घरीं शिजला हें कधींच कळणार नव्हतें.

५. दोन आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप आपल्या वाचकांस नित्य ऐकूं येतो. "तुमचे लोक दुष्काळांत पोटासाठीं बाटले," असें गांवांत तोंडावर म्हणणारे आहेत. ह्याचें उत्तर रागानें देऊं नये व खोटेंही देऊं नये. कित्येक जण भुकेच्या वेळीं मिशनच्या दाराशीं आले, हें खरें आहे. ज्या दारीं अन्न मिळालें त्या दारीं माणूस गेला, ह्यांत लाज कसली? लाज असेल तर ज्यांच्या घरीं कणगी भरलेली असतां दार लागलेलें राहिलें त्यांस. परंतु दुसरी बाजूही बोलली पाहिजे. अन्न हातीं धरून जर कोणी उपाशी माणसास म्हणत असेल कीं आधीं नांव दे, मग भाकर घे, तर तो अन्न देत नाहीं, विकतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत न्याय करणारा राजा भुकेल्याचा धर्म विचारीत नाहीं. तो एवढेंच पाहतो कीं अन्न दिलें कीं नाहीं. म्हणून आमचें कॅटेकिस्ट बंधूंस आग्रहाचें सांगणें आहे कीं, साहाय्याची यादी व बाप्तिस्म्याची यादी ह्या दोन वह्या निरनिराळ्या ठेवाव्या.

दुसरा आक्षेप विचारवंतांचा आहे. दुष्काळ केवळ पाऊस न पडल्यानें येत नाहीं, असें ते म्हणतात. रमेशचंद्र दत्त यांनीं १९०० सालींच व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांस प्रकट पत्रें लिहून दाखवून दिलें कीं, सारा जड असल्यामुळें शेतकऱ्याच्या घरीं वाईट वर्षासाठीं कांहीं उरत नाहीं. आगगाडी होती, बाजारांत धान्यही येत होतें, परंतु गांठीं दाम नसलेला मनुष्य दुकानापुढें उपाशी मेला. हा आक्षेप खरा आहे व तो मान्य केलाच पाहिजे. जहाजभर मक्यानें सारा कमी झाला नाहीं, कर्ज फिटलें नाहीं. परंतु ज्याचें मूल आज संध्याकाळीं मरत आहे त्यास कायदा बदलेपर्यंत थांब असें सांगतां येत नाहीं. जखम बांधणें हें एक काम व वाट सुरक्षित करणें हें दुसरें काम. पहिलें केल्यानें दुसरें सुटत नाहीं.

ह्याला जोडून छायाचित्रांविषयींही दोन शब्द लिहितों. हाडांचे सांपळे झालेलीं माणसें पत्रांत छापलीं म्हणून पैसा जमला, हें नाकारतां येत नाहीं. पण त्या चित्रांतील माणसास नांव नसे, गांव नसे. तो कोणाचा तरी बाप होता, कोणाची तरी आई होती. आज आपणही कोणाच्या संकटाचें वर्णन करून वर्गणी मागतों तेव्हां एवढें मनास विचारावें कीं, हेंच वर्णन माझ्या आईविषयीं असतें तर मी तें चारचौघांत वाचूं दिलें असतें काय?

६. हिशेब हाही भक्तीचा भाग

क्लॉप्श व्यापारी होते, आणि व्यापाऱ्याचा एक चांगला गुण त्यांनीं धर्मकार्यांत आणला. आलेल्या देणग्यांची पोंच ते पत्रांत छापीत. मोठ्या देणगीबरोबर लहान देणगीही तेथें दिसे. ह्यामुळें देणाऱ्यास खात्री वाटे कीं आपला पैसा वाटेंत जिरला नाहीं.

हीच गोष्ट पौलानें यरुशलेमेंतील गरिबांच्या वर्गणीविषयीं केली. त्यानें ती रक्कम एकट्यानें नेली नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेले भाऊ बरोबर घेतले, कारण देवापुढें जसें निर्मळ असावें तसें माणसांपुढेंही दिसावें, असें त्यास वाटे. पौलावर कोणाचा अविश्वास होता म्हणून हें केलें नाहीं. अविश्वासास जागाच राहूं नये म्हणून केलें. आपल्या खेड्यांतील कित्येक मंडळ्यांत भांडणें होतात तीं उपदेशावरून होत नाहींत, पेटींतील पैशांवरून होतात. कारभारी प्रामाणिक असतो, पण हिशेब त्याच्या डोक्यांत असतो. तो आजारी पडला कीं हिशेबही आजारी पडतो.

७. आपल्या मंडळीनें काय करावें

अंत्युखियांतील शिष्यांस दुष्काळाची सूचना मिळतांच त्यांनीं आपापल्या शक्तीप्रमाणें यहूदीयांतील बंधूंस साहाय्य पाठविलें. ते श्रीमंत होते असें कोठें लिहिलेलें नाहीं. म्हणून आमची सूचना अशी आहे :

पहिली गोष्ट, प्रत्येक घरीं दररोज दळण्यापूर्वीं एक मूठ ज्वारी किंवा बाजरी निराळ्या मडक्यांत टाकावी व महिन्याच्या शेवटीं ती मंडळीच्या कणगींत जमा करावी. दुसरी, त्या कणगीचा हिशेब दोघांनीं मिळून लिहावा व तो महिन्यांतून एकदां उपासनेनंतर मोठ्यानें वाचून दाखवावा. तिसरी, देतांना जात, धर्म व पूर्वींचें वैर पाहूं नये. विहिरीवर ज्यानें आपणांस अडविलें त्याच्या घरीं चूल पेटली नसेल तर तेथेंही दाणे जावे. चवथी, घेणाऱ्याचें नांव सभेंत वाचूं नये. किती गेलें एवढेंच सांगावें. पांचवी, ज्यास दिलें तो पुढें सांवरला तर त्यानेंही मूठ टाकावी अशी त्यास संधि द्यावी, म्हणजे तो कायमचा घेणारा राहणार नाहीं.

लुई क्लॉप्श ७ मार्च १९१० रोजीं न्यूयॉर्क येथें वारले. त्यांचें वय ५७ वर्षांचें होतें. त्यांनीं पाठविलेला मका खाऊन जीं मुलें जगलीं, त्यांनीं त्यांस कधीं पाहिलें नाहीं. त्या ऋणाची फेड आतां न्यूयॉर्कला करतां येत नाहीं. ती शेजारच्या घरींच करावी लागेल.

अभ्यासवर्गासाठीं प्रश्न

१. योसेफानें दिलेलें धान्य व क्लॉप्श यांनीं पाठविलेला मका ह्यांत कोणता फरक आहे? दोघांत सारखें काय आहे?

२. "पोटासाठीं बाटले" असें कोणी म्हटल्यास आपण काय उत्तर द्याल? त्या उत्तरांत खरें किती व अभिमान किती आहे?

३. पौलानें वर्गणी नेण्यासाठीं सोबती कां घेतले? आपल्या मंडळीचा हिशेब शेवटचा केव्हां वाचला गेला?

४. भुकेल्यास अन्न देणें व भुकेचें कारण दूर करणें, ह्यांपैकीं आपल्या गांवांत कोणतें काम मागें पडलें आहे?

५. आपल्या घराण्यांत छप्पनच्या दुष्काळाची कांहीं हकीकत वडीलधाऱ्यांनीं सांगितलेली आहे काय? असल्यास ती ह्या आठवड्यांत लिहून काढावी व मुलांस वाचून दाखवावी.